कळंबच्या मधपेट्या आणि काकवीची पाटी

मधमाश्यांविषयी आंतरजालावर जे लिहिले जाते त्यातील बरेचसे भाबडे असते. त्यामुळे उज्ज्वलाने कळंबला मध काढायला बोलावले तेव्हा मी लगेच होकार दिला. पुण्यात आम्ही एकाच प्रयोगशाळेत संशोधन केले. पुढे मी तिथेच राहिले आणि ती लग्न होऊन इंदापूर तालुक्यातील उसाच्या घरात गेली. फिकट रंगाचे, पूर्ण बाह्यांचे कपडे आण आणि अत्तर लावू नकोस, एवढेच तिने बजावले. तुम्ही जाणार असाल तर तुम्हालाही माझे तेच सांगणे आहे.

पुण्याहून सोलापूर रस्त्याने पाटस आणि तिथून बारामती. बारामतीत मिसळ खाल्ली. तिखटपणा म्हणजे चव नव्हे, हे तिथल्या आचाऱ्याला कुणीतरी सांगायला हवे. फेब्रुवारीत कारखान्यांचा हंगाम चालू असतो. भवानीनगरच्या अलीकडे-पलीकडे उसाने लादलेल्या जोडट्रॉल्या अर्धा रस्ता व्यापतात आणि बहुतेकींच्या पाठीमागे दिवा नसतो. दिवसाउजेडी पोहोचा. मुक्कामाला बारामतीत बऱ्यापैकी स्वच्छ आणि स्वस्त लॉज मिळतात; मी मात्र उज्ज्वलाकडेच राहिले.

गाडीतून उतरताच वातावरणातला ताण कळला. उज्ज्वलाचे सासरे, आबा, यांनी उसाच्या रानातील एक तुकडा तिला वर्षभरासाठी दिला होता. तिने त्यात सूर्यफूल केले, बियाण्यासाठी कोथिंबीर सोडली आणि बांधावर पेट्या मांडल्या. घरातल्या सगळ्यांसमोर ठरले होते की, मधाने स्टीलची टाकी गळ्यापर्यंत भरली तर तुकडा तिचा. नाही तर तिथे पुन्हा ऊस. लागणीच्या सऱ्या पाडायला ट्रॅक्टरही सांगून ठेवलेला होता. जेवताना भाकरी, पिठले, खर्डा, सारे उत्तम होते.

संध्याकाळी आम्ही पेट्यांकडे गेलो. खालच्या कोठीत राणी आणि पिले, वरच्या कोठीत मध. मध काढण्याआधी वरच्या कोठीतून माश्या उतरवाव्या लागतात. त्यासाठी दोन्ही कोठ्यांच्या मध्ये एक फळी सरकवतात. तिच्यातून माशी खाली जाऊ शकते, पण तिला परत वर येता येत नाही. सकाळपर्यंत मधकोठी रिकामी होते. यात धोका असा की, त्या मधावर मग राखणदार उरत नाही. झाकणाला फट असली तर शेजारच्या पेटीतील माश्या लूट करतात. कडेच्या दोन पेट्यांची झाकणे वाकलेली दिसली, तेव्हा मी नापसंती स्पष्ट बोलून दाखवली. उज्ज्वलाने फटींना ओली माती लिंपली.

सकाळी ऊन येताच पेट्यांकडून आलेला आवाज ऐकून आम्ही धावलो. गुणगुण नव्हती ती. काहीतरी कचाकच फाडले जात असावे, तसा तो आवाज होता. पेट्यांसमोर लोखंडी पाटी, पाटीत पाणी घातलेली काकवी आणि तिच्यावर माश्यांचा काळा थर. शेजारी आबा प्रसन्न मुद्रेने उभे.

"आबा, हे काय केलंत?" उज्ज्वलाने विचारले.

"माश्या दाराबाहिर लोंबत्यात, दिसत न्हाय व्हय? घरातनं काढल्याली हायती," आबा म्हणाले. "कुणाचं भांडं आपण रिकामं परत करतो का? त्यांचं एवढं घ्यायचं, तर आधी त्यांच्या तोंडात गोड नको पडाय?"

गोडाच्या वासाने पेट्यापेट्यांत लढाई जुंपली होती. कडेच्या दोन झाकणांची माती रात्रीत सुकून तडकली होती आणि त्या भेगांतून माश्यांची रांग आत-बाहेर करत होती. मी पाटी उचलायला वाकले.

"हात लावू नकोस," उज्ज्वला म्हणाली. "पाटी हलवली तर तिच्यावरच्या या माश्याही पेट्यांवरच तुटून पडतील."

ते मला पटले. मग तिने धूर धरला, मी पेट्यांच्या दारांत ओले गवत कोंबून ती बोटभरच उघडी ठेवली आणि अजून लूट न झालेल्या मधकोठ्या आधी उचलून ओल्या पोत्यांखाली घराकडे नेल्या. मनगटावर, कानामागे डंख बसत होते. कोठी हातात असताना ते झटकता येत नाहीत. कोठ्या ठेवल्या त्या खोलीच्या दाराखालची फट आम्ही ओल्या लुगड्याने बुजवली. कडेच्या दोन कोठ्या शेवटी आल्या. आतील मेण कोंड्यासारखे भुरभुरले होते, मध नव्हता.

आबा तोवर पाटीजवळून हलले नव्हते. धोतरावर माश्या चढत होत्या.

"किती गेलं?" त्यांनी विचारले.

"दोन कोठ्या. कडेच्या पेटीतली राणीही दिसत नाही."

दुपारी यंत्रातून मध निघाला: दाट, सोनेरी, धण्याचा गंध असलेला, निर्दोष. टाकी गळ्याच्या खाली वीतभर राहिली. उज्ज्वला सुरीवरचे मेण पुसत राहिली. मला राहवले नाही. ज्या कारणाने टाकी कमी भरली ते कारणही हिशेबात धरायला हवे, असे मी आबांना म्हणाले. उज्ज्वलाने माझ्याकडे असे पाहिले की मी पुढचे वाक्य गिळले.

आबांनी टाकीत डोकावून पाहिले. "शबुद म्हंजे शबुद," ते म्हणाले. "पर शबुद दिला तवा त्यात मी काकवी वतीन, असं कुठं ठरलं हुतं?" एवढे बोलून ते गोठ्याकडे गेले. माझ्या निघण्यापर्यंत याहून अधिक काही ठरले नाही आणि पाटसपर्यंतचा रस्ता मी चिडलेल्या मनाने कापला.

पुण्यात परतल्यावर डंखांची सूज उतरली, खाज राहिली. मला सल्ला विचाराल तर जरूर जा; पण पेटीची झाकणे स्वतः तपासा, आणि पाहुणे म्हणून गेला असाल तर घरच्या व्यवहारात माझ्यासारखे बोलू नका, जरी तुमचे बरोबर असले तरी.

आठवड्याने उज्ज्वलाचा फोन आला. ट्रॅक्टर आला होता. सूर्यफुलाच्या धसकटांतून सऱ्या पडत गेल्या. ती दारातून बघत होती, थांबवायला गेली नाही. निम्मा तुकडा झाला आणि फुललेल्या कोथिंबिरीच्या कडेला आबा ट्रॅक्टरसमोर जाऊन उभे राहिले. ड्रायव्हरने विचारले, आबा, निम्मंच का?

"फिरव माघारी," आबा म्हणाले. "हितनं पुढं माश्यांचं रान हाय."