गंधकाचं मलम

बंगळूरजवळच्या बोम्मसंद्रातल्या त्या कारखान्यात मी कॉलेजकडून प्रशिक्षणाला गेले, तेव्हा तिथं मराठी बोलणारं एकच माणूस होतं. निपाणीकडची एक बाई. सगळे तिला अक्का म्हणत, म्हणून मीही म्हणू लागले. राहायची सोय तिनंच करून दिली, तिच्याच खोलीत. ती कंत्राटावर होती. नवरा गेलेला, मुलगी गावी आजीजवळ. पगार थांबला तर मुलीची शाळा थांबेल, हे ती चहा पिताना सहज बोलल्यासारखं बोलायची.

तिचं काम लोखंडी कड्या पुसून त्यांवर रबर धरून ठेवणारा प्रायमर लावायचं. मग त्या कड्या गरम साच्यात जात आणि त्यांच्याभोवती सिलिकॉन रबर घट्ट बसे. याला तिथं क्युअर होणं म्हणत. पुढं भट्टीत भाजलेलं हे रबर कितीही तापवलं तरी हूं की चूं करत नसे.

एका आठवड्यात मात्र कड्यांजवळचं रबर चिकट राहू लागलं. नखानं ओढलं की सालीसारखं निघायचं. सुपरवायझरनं भट्टीची आच वाढवली, पण चिकट ते चिकटच राहिलं. मी चाचरत सांगितलं, "सर, गंधक लागलं असेल तर रबर घट्ट करणारं त्यातलं प्लॅटिनम मरतं. मग कितीही तापवून उपयोग नाही." अंडी आणि कांद्यातही गंधक असतं, म्हणून त्यानं दुसऱ्याच दिवशी ते डब्यात आणायला बंदी केली.

"अंड्यानं रबर चिकटतंय म्हणं!" अक्का जेवताना म्हणाली. "मग कोंबडी कशी सुटी फिरतिया?" तेच तिनं कानडीत सांगितलं, तशा सगळ्या हसल्या. मीही हसले.

संध्याकाळी बसमध्ये ती खिडकीशी बसून बोटांच्या बेचक्या खाजवत होती. तिच्या हातांना काडेपेटीच्या विझलेल्या काडीसारखा वास येत होता. मी तिच्याकडे पाहिलं. तिनं हात पदरात घेतले.

"खरूज झालीय गं," ती हळूच म्हणाली. "मेडिकलवाल्यानं पिवळं मलम दिलंय."

"अक्का, त्यात गंधक असतं."

"पण मी तर हातमोजे घालतेय की."

मोजे ती मलमाच्याच हातांनी चढवायची. मलम मोज्यांना बाहेरून लागतं, हे मी तिला सांगितलं. उतरताना म्हणाली, "उद्या मीच सांगते. तू मधी पडू नगंस, तुझं शिक्षण हाय."

तिनं खरंच सांगितलं. मी शेजारी उभी होते. सुपरवायझर दोन पावलं मागे सरकला. मला वाटलं होतं, कारण सापडलं म्हणून त्याला हायसं वाटेल. त्यानं कंत्राटदाराला फोन लावला. मी म्हणाले, "सर, दुसरं मलम मिळतं, गंधक नसलेलं. डॉक्टर देतील. थोड्या दिवसांत बरं होतं."

"सरी, सरी," तो कानडीत ठीक आहे म्हणाला, मग हिंदीत बोलला, "बरी झाली की येऊ दे."

अक्काला तेव्हाच घरी पाठवलं. दुपारपासून कड्या नीट येऊ लागल्या. रबर इतकं पक्कं बसलं, की तपासायला ते सुरीनं कापावं लागलं. सुपरवायझरनं मला शाबासकी दिली.

आम्ही दोघींनी दवाखान्यातलं मलम लावलं, चादरी उकळल्या. तिचे हात स्वच्छ झाले. पुढच्या एका सोमवारी ती माझ्याबरोबर कामावर आली, पण वॉचमननं तिला गेटवरच अडवलं, मी एकटीच आत गेले. तिच्या टेबलाशी आधीच दुसरी बाई प्रायमर लावत होती. ती अक्कापेक्षा तरुण होती, तिचे हात भराभर चालत होते.

मी खिडकीतून पाहिलं. अक्का गेटच्या गजांतून दोन्ही हात आत घालून वॉचमनला दाखवत होती, आधी तळवे, मग उलटे, मग बोटं फाकवून. तो वाकून नीट बघत होता. नंतर ती सांगायची, तो एवढंच म्हणाला, "हात चांगले आहेत, अक्का. पण आत सोडायला मला कुणी सांगितलेलं नाही."