तोरणाखालचा सदर

कोकणातला माणूस मोगलाईत येऊन गावच्या कमिटीचा सदर, म्हणजे अध्यक्ष, होतो, हे ऐकायला मोठं वाटतं. निजामाच्या मुलखाला आम्ही तेव्हा मोगलाईच म्हणायचो. मी जालन्याच्या स्टेशनवर उतरलो तो कापसातली सरकी काढायच्या जिनातलं इंजिन बसवायला. इंजिन बसवून झालं तरी मी परत गेलो नाही. अंबड तालुक्यातल्या एका बाजाराच्या गावात पिठाची गिरणी टाकली, लग्न केलं, मुलं झाली, आणि केस पिकले ते पिठामुळे कुणाच्या लक्षातही आलं नाही.

गावात दिवाबत्ती आणि झाडलोट बघायला कमिटी होती. तिचा सदर कुणी व्हायचं यावर वरच्या आळीचे पाटील आणि खालच्या आळीचे पाटील एकमेकांच्या उरावर बसत. दोघे चुलतभाऊ, म्हणजे वैराला बाहेरून कुणी आणायची गरज नव्हती. शेवटी तहसीलदार वैतागला. म्हणाला, इथे कुणाचाच नसलेला एखादा माणूस आहे का? सगळी बोटं माझ्याकडे वळली. माझी लायकी ती एवढीच. मी मात्र जल्दीनं शेरवानी शिवून घेतली. बायको म्हणाली, "दगडाला शेंदूर फासला की देव होतो खरा, पण आधी दगड तरी धड असावा."

लोक तोंडावर सदरसाहेब म्हणत आणि पाठ वळली की 'पल्याडचा'. वेशीला लागून घर असलेली एक धनगराची विधवा बाई होती, तिची मेंढरं होती आणि थोडी जमीन. ती मात्र तोंडावरच म्हणायची. दळण घेऊन आली की, "ए पल्याडच्या, पीठ बराबर बारीक काढ." गाव तिला मावशी म्हणायचं, म्हणून मीही म्हणायचो. तिच्यावर चिडायची माझी हिंमत नव्हती, म्हणून घरी जाऊन मी बायकोवर चिडायचो.

मग पोळा आला. पोळ्याला वेशीत आंब्याच्या पानांचं तोरण बांधतात, आणि त्याखालून पहिला ज्याचा बैल जाईल त्याचा गावात मान. आदल्या वर्षी दोन पाटलांच्या बैलांमागे काठ्या निघाल्या होत्या आणि एकाचं डोकं फुटलं होतं. या खेपेला तहसीलदारानं फर्मावलं, पहिला बैल कुणाचा ते सदर ठरवील.

इकडे आड, तिकडे विहीर. एकाचं नाव घेतलं की दुसरा म्हणणार, परक्यानं आमचा मान मारला. मग गिरणीवर दळण येणं बंद, आणि मला चंबूगबाळं उचलावं लागणार. कोकणातलं घर भावांनी केव्हाच वाटून घेतलेलं. मला हे गाव सोडायचं नव्हतं.

पोळ्याच्या दिवशी मी शेरवानी घालून वेशीत उभा राहिलो. सगळ्या गावाचे बैल सजून मागे उभे. मी घसा साफ करून सांगितलं, पहिला बैल ना वरचा ना खालचा, पहिला बैल कमिटीचा. दोन्ही पाटील एकमेकांकडे बघू लागले. माझ्या अकलेवर मी स्वतःच खूश झालो.

वरच्या पाटलानं शांतपणे विचारलं, "कमिटीकडं बैल कुटं हाय?"

कमिटीकडे एकच जनावर होतं. कचऱ्याची गाडी ओढायचा हल्या. पोळ्याला तोरणाखालून रेडा नेणारा सदर मोगलाईत तरी झाला नसेल. बैल उसना घ्यावा तर तो ज्याचा, मानही त्याचाच.

मावशी दारातूनच म्हणाली, "हल्या कसा जाईल? कमिटीचा म्हंजी सदरच की. जाऊ द्या त्यालाच."

गाव हसलं. ज्या दोन पाटलांचं कधी कशावर जमलं नव्हतं, त्यांचं यावर तिथल्या तिथे जमलं. खालच्या पाटलानं आपल्या बैलाची घुंगरमाळ काढून माझ्या गळ्यात घातली. वाजंत्री वाजली. मी मान खाली घालून तोरणाखालून गेलो. लाजेनं कान तापले होते, आणि मागून बैल ढुशी देतो की काय याचीही धास्ती होती.

पहिलं घर मावशीचं. बैल दारात आला की बायका त्याचे पाय धुतात, कुंकू लावतात, पुरणाची पोळी भरवतात. मावशी तांब्या घेऊन उभीच होती. मी म्हणालो, "मावशी, आता पुरे झाली थट्टा."

तिनं माझ्या पायांवर पाणी ओतलं. कपाळाला कुंकू लावलं. ती हसत नव्हती.

"आदल्या रातच्याला बैलाच्या कानात सांगावं लागतं, उद्या जेवाया ये म्हनून," ती म्हणाली. "तुला कुनी सांगितलं न्हाई. बिनआवतनाचा आला. असं घरचंच येतं."

आणि तिनं पोळी माझ्या तोंडात कोंबली. शेरवानीतला सदर सगळ्या गावासमोर घळाघळा रडत होता आणि गळ्यातल्या घुंगरांमुळे प्रत्येक हुंदका लांबपर्यंत ऐकू जात होता. गावानं मला सदर केलं तेव्हा मी परका होतो म्हणून केलं होतं. गावचा झालो तो बैल झालो तेव्हा.