कोरा माणूस

माझ्या नणंदेचा विषय निघाला की गल्लीतले लोक म्हणतात, बाई म्हणजे देवमाणूस. मी दातओठ खाऊन गप्प बसते. असतीलही देवमाणूस. पण देवाला घरच्या माणसाकडे बघायला सवड नसते, हे मला त्यांच्यामुळेच कळलं.

ताई आमच्या ह्यांच्याहून मोठ्या. लग्न केलं नाही. वरच्या खोलीत राहायच्या आणि दोन्ही वेळा आमच्यात जेवायच्या. अणुभट्टीचं इंधन बनवणाऱ्या कारखान्यात त्या केमिस्ट. तिथले कामगार युरेनियमची भुकटी हाताळतात. ती श्वासातून कुणाच्या अंगात गेली का, हे लघवी तपासून कळतं. ताईंचा जन्म ती तपासण्यात गेला. "सगळ्या कारखान्याची गुपितं आमच्या ताईच्या बाटलीत," असं हे म्हणायचे, तेही जेवताना. मी डोळे वटारायची, ताई मात्र ठसका लागेपर्यंत हसायच्या.

काम कसं चालतं ते त्यांनी इतक्यांदा सांगितलंय की आता मीही परीक्षेला बसेन. प्लॅटिनमच्या चिमुकल्या बशीत लघवीचे थेंब वाळवायचे, वर एक पांढरा क्षार घालायचा आणि ज्योतीवर वितळवायचं. थंड झालं की बशीत टिकली तयार होते, आपण कपाळाला लावतो तेवढी. ती अंधाऱ्या पेटीत अतिनील दिव्याखाली धरायची. युरेनियम असेल तर टिकली पिवळट हिरवी चमकते. जितकी चमक जास्त, तितकं युरेनियम जास्त. मग ताई म्हणणार, टिकली पेटली.

पण नुसत्या कामगारांच्या लघवीनं भागत नाही. सोबत एक अशी लागते, की जिच्यात काही नाही हे आधीच ठाऊक आहे. तिच्याशी ताडून बाकीच्यांची चमक मोजायची. तिला प्रयोगशाळेत ब्लँक म्हणतात. ताई घरी 'कोरा' म्हणायच्या. हा कोरा कारखान्याबाहेरच्या माणसाचाच हवा. मग घरात धडधाकट भाऊ असताना लोकांच्या दारात कशाला जायचं? ताई सकाळी निघाल्या की ह्यांची बाटली त्यांच्या पिशवीत. "मी जन्माचा कोरा," हे ऐटीत सांगायचे. "शाळेत पाटी कोरी, बँकेत पासबुक कोरं, आता सरकारी शिक्का पण बसला."

ह्यांची गल्लीच्या टोकाला शेड होती, त्यात एक लेथ. गवंडी भिंत सरळ आहे का बघायला दोरीला टांगतात ते ओळंबे, बिजागऱ्या, असली कामं. एकदा भंगारवाल्यानं काळपट धातूचे ठोकळे आणून टाकले. जुन्या विमानाच्या शेपटीत तोल सांभाळायला बसवलेले असतात, म्हणाला. मुठीएवढा तुकडा उचलायला दोन हात लागायचे. ह्यांना आकाश ठेंगणं झालं. त्या धातूचा ओळंबा दिसायला एवढासा, पण कितीही वारा असो, जागचा हलायचा नाही. गवंडी लांबून शोधत यायला लागले. धातू कापताना अशा ठिणग्या उडायच्या की पोरंटोरं दारात गर्दी करायची. तोंडाला फडकं बांधा म्हटलं तर हे म्हणणार, "मग शिट्टी कशी वाजवू?" ताईंना तेलाच्या वासानं मळमळायचं, त्या शेडकडे फिरकायच्याच नाहीत. भारी धातू मिळालाय असं ह्यांनी सांगितलं तेव्हा "शिसं असेल, हात धुवून जेवत जा," एवढंच म्हणाल्या.

आणि एक दिवस कोरा पेटला.

ताई संध्याकाळी घरी आल्या त्या तणतणतच. "अगं, तुझ्या नवऱ्यानं माझं दिवसभराचं काम मातीत घातलं. कोराच चमकतोय. आता सगळे नमुने पहिल्यापासून." त्यांना आधी बशीचा संशय आला. बश्या ॲसिडात उकळल्या. मग क्षाराचा संशय आला, म्हणून नवी बरणी फोडली. नुसतं शुद्ध पाणी घालून बघितलं, तर टिकली काळीठिक्कर, चमकच नाही. म्हणजे बशी बरी, क्षारही बरा. मग ताईंनी ठरवलं की दोष बाटलीचा. ह्यांना नवी बाटली दिली आणि वर बोल लावले: "शेडमधले तेलकट हात घेऊन बाटलीला शिवतोस ना? लाज नाही वाटत?" हे निमूट साबणानं हात धुऊन आले. कोरा पुन्हा पेटला.

तेव्हा ताईंनी काय करावं? भावाची बाटली बंद केली आणि तळमजल्यावरच्या शिंपीमामांची सुरू केली. टिकली काळी. "सुटले बाई एकदाची," म्हणत त्या दिवशी पोटभर जेवल्या. हे म्हणाले, "पगार नव्हताच, नोकरीपण गेली." सगळे हसलो.

लेथ चालूच राहिली.

पुढच्या वर्षी ह्यांचे पाय सुजायला लागले. सकाळी तोंड असं फुगलेलं, की आरशात बघून म्हणायचे, "बाळसं धरलंय." मोठ्या दवाखान्यात नेलं. ताई सोबत होत्या. दोन्ही मूत्रपिंडं निकामी होत चालली आहेत, डॉक्टर म्हणाले, आणि विचारलं, "कामावर कुठल्या धातूची धूळ असते का?" ताई तिथूनच रिक्षा करून शेडवर गेल्या, आयुष्यात पहिल्यांदा, आणि लेथखालचा कीस कागदात बांधून कामावर घेऊन गेल्या. दुसऱ्या संध्याकाळी परतल्या तर घरात येईनात. जिन्यातच बसल्या.

"पेटली," म्हणाल्या. "कीस युरेनियमचा आहे गं. विमानात वजनाला तोच घालायचे. तेव्हा माझ्या बशीत चमकत होता तो हाच. बशीत माझा भाऊ होता."

मला कुठून शब्द सुचले देव जाणे. मी म्हटलं, "कारखान्यातल्या कुणाची टिकली पेटली असती तर काय केलं असतं तुम्ही?"

"त्याच दिवशी काम बंद करून डॉक्टरकडे पाठवलं असतं."

"मग ह्यांची पेटली तेव्हा बाटली का बदललीत?"

ताई म्हणाल्या, "कोरा म्हणजे माणूस नसतो गं आमच्याकडे. कोरा बिघडला की बदलायचा, असंच शिकले मी. शिकवतेही तेच."

मी त्यांना हाताला धरून घरात घेतलं नाही. त्या आपल्या आपण उठून वर गेल्या.

पुढच्या खेपेला दवाखान्यात मी मनोमन देवाला विनवत होते की ताईंनी विचारू नये. त्यांनी विचारलंच. वर्षभरापूर्वी काम थांबवलं असतं तर? डॉक्टर बिचारे भले, फाईल चाळत म्हणाले, "हो, तेव्हा बहुतेक मूत्रपिंडं सावरली असती." हे दोघींच्या मधे बसले होते. सगळं ऐकलं. घरी जाताना वाटेत एवढंच म्हणाले, "ताई, भूक लागली असेल तुला."

मशिनवर रक्त शुद्ध करणं सुरू झालं. ताईंनी आपलं मूत्रपिंड देऊ केलं, जुळलंही असतं, पण तोवर ह्यांच्या हृदयावर ताण आला होता आणि ऑपरेशन झेपणार नव्हतं. ताई रजा टाकून उशाशी बसायच्या. मी आले की उठून बाहेर जायच्या, कारण मी त्यांच्याशी बोलत नव्हते. हे पडल्या पडल्या सगळं बघत होते.

शेवटच्या आठवड्यात ह्यांनी मला जवळ बोलावलं. आवाज पार खोल गेला होता. म्हणाले, "माझ्यामागे ताईला कोण आहे? वरच्या खोलीत एकटी मरेल ती. तिला माफ केलंस म्हण."

मी म्हटलं, "केलं."

उभ्या संसारात त्यांना माझं खोटं एकदाही कळलं नव्हतं. त्या दिवशी कळलं. त्यांनी भिंतीकडे तोंड केलं, आणि मग पुन्हा माझ्याकडे वळलेच नाहीत.