कमान नाकारणारे मिस्त्री

नकाशा हातात दिला की मिस्त्री उकिडवे बसत आणि कागदावरची उत्तर दिशा जागेवरच्या उत्तरेशी जुळेपर्यंत तो जमिनीवर गोल फिरवत. मग चार कोपऱ्यांवर चार खडे ठेवत. शेवटी म्हणत, "कागद बरा आहे, मॅडम. आता घर सांगा."

घर सांगायचं म्हणजे सकाळचा चहा कोण कुठे घेणार, मे महिन्यात दुपारी ऊन कुठवर शिरणार, दारात आलेला माणूस चप्पल कुठे काढणार. मी नुकतीच पुण्याहून आर्किटेक्ट होऊन नागपूरला परतले होते. यातलं एकही उत्तर माझ्याकडे नसायचं.

सिव्हिल लाईन्समधून तुम्ही कधी सावकाश गेला असाल, तर इंग्रजांच्या काळातले ते बंगले तुम्ही पाहिले असतील. कवेलूची, म्हणजे मातीच्या कौलांची, उतरती छपरं, लांब व्हरांडे, आवारात चिंचा आणि कडुनिंब. तशाच एका रस्त्यावर एका निवृत्त डॉक्टरीणबाईंना स्वतःपुरतं छोटं, नव्या पद्धतीचं घर बांधायचं होतं. माझं ते पहिलं स्वतंत्र काम. मी पश्चिमेला अख्खी भिंत काचेची दाखवली होती.

मिस्त्रींनी त्या काचेवर बोट ठेवलं. "इथं माणसं राहणार का दुकानावानी साड्या टांगणार?"

मला राग आला. "असं सगळीकडे करतात, मिस्त्री."

"सगळीकडं नागपूरचं ऊन नाई पडत."

काच उत्तरेला गेली. तेव्हा ते साठीच्या आसपासचे होते. काटक, काळेसावळे, शर्टाच्या खिशात सुताराची चपटी पेन्सिल. चहात पाव बुडवून खात आणि त्या वेळी कुणी कामाचं विचारलेलं त्यांना खपत नसे. मी घाईघाईनं काही विचारलंच तर पावाकडे बोट दाखवून म्हणत, "हा पडन चहात."

जोतं भरून झालं आणि अडचण आली. शेजारच्या बंगल्यात एक निवृत्त अधिकारी राहत; सगळे त्यांना साहेबच म्हणत. ते शेजाऱ्यांच्या सह्यांचं पत्र घेऊन आले. "या रस्त्याला एक चेहरा आहे," ते डॉक्टरीणबाईंना म्हणाले. "तुमचं सिमेंटचं खोकं इथे शोभायचं नाही. निदान समोरून तीन कमानी तरी घ्या."

बाई एकट्या राहणाऱ्या. शेजाऱ्यांशी वाकडं घेऊन त्यांना तिथे म्हातारपण काढायचं नव्हतं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि मी लगेच हो म्हटलं. खरं सांगते, काम हातचं जाईल या भीतीनं म्हटलं. दुसऱ्या दिवशी सपाट छताच्या पुढे तीन कमानी चिकटवलेला नकाशा मी मिस्त्रींना दिला.

त्यांनी या वेळी खडे शोधले नाहीत. कागद परत दिला. "कमान वजन घेते, मॅडम. इथं वजनच नाई, तं कमान काहून?"

"लोकांना दिसायला."

"मंग दुसरा मिस्त्री पाहा. खोटी कमान माह्या हातून नाई होत."

ते खरंच गेले. चार दिवस काम बंद. पाचव्या दिवशी डॉक्टरीणबाईंनीच त्यांना बोलावणं धाडलं, आणि नेमके साहेबही तिथे आले. साहेबांनी सरळ विचारलं, "तुम्हाला या जुन्या बंगल्यांबद्दल काही आदर आहे की नाही?"

मिस्त्रींनी आवाज चढवला नाही. "साहेब, हे बंगले तुमी समोरून पाहिले. मी मांगून पाहिलो. तुमी जो बंगला घेतला ना, त्याच्या मांगच्या नोकराच्या खोलीत माहा जन्म झाला. बाप माळी होता, माय झाडू-फरशी करे. दहा वर्षांचा होईस्तोवर मी तिथंच होतो."

साहेबांनी वळून स्वतःच्या बंगल्याकडे पाहिलं. मिस्त्री त्यांच्याच बंगल्याकडे हात करून दाखवू लागले. "कमानीनं थंडावा नाई येत. जोतं उंच आहे. व्हरांडा दहा फूट खोल आहे, भिंतीले ऊनच लागत नाई. छपराखाली झरोके आहेत, गरम हवा तिकून निघून जाते. घ्यायचं तं हे घ्या. चेहऱ्याची नक्कल काहून करता?"

"पण मग समोरून घर कसं दिसेल?" साहेबांनी विचारलं.

"नवं दिसन. नवंच आहे."

डॉक्टरीणबाई हसल्या. पहिल्यांदा साहेबही जरासे हसले. त्यांनी ते पत्र मागे घेतलं की नाही, मला ठाऊक नाही. पुढे त्याबद्दल कुणी काही बोललं नाही. मी कमानी काढल्या, व्हरांडा आणखी चार फूट खोल केला, छताखाली झरोके घेतले. साध्या विटांचं, सपाट छताचं ते घर आजही तिथे आहे. उन्हाळ्यात बाई दुपारचा कूलर उशिरा लावतात, हे त्या येईल-जाईल त्याला सांगतात.

दोन वर्षांनी माकडांनी उड्या मारून साहेबांच्या छपराची पार चाळण केली. कवेलू बसवणारी माणसं आता मिळतात कुठे? साहेबांनी मला फोन करून मिस्त्रींचा पत्ता मागितला. मिस्त्री आले, आणि दहा-बारा दिवस छपरावर होते. काम संपत आलं तेव्हा मी सहज पाहायला गेले होते. साहेब म्हणाले, "मिस्त्री, मजुरी सोडून आणखी काही हवं असेल तर मोकळेपणानं सांगा."

मिस्त्रींनी हात शर्टाला पुसले. "माह्या मायले एकदा इथं बसवाचं आहे. व्हरांड्यात. खुर्चीवर."

दुसऱ्या दिवशी ते आईला ऑटोनं घेऊन आले. पांढऱ्या लुगड्यातली, ऐंशीच्या घरातली, काडीसारखी बाई. समोरच्या पायऱ्यांशी ती थबकली. साहेबांच्या पत्नीनं हात धरून तिला वेताच्या खुर्चीत बसवलं. आधी ती नुसती कडेला टेकली होती. हळूहळू मागे रेलली. डोळे मिटले.

"इथं हवा येते वं," ती साहेबांच्या पत्नीला नवलानं म्हणाली. "एवढी वर्षं पुसला मी हा व्हरांडा. कधी समजलंच नाई."

साहेब स्वतः उठून चहा सांगायला आत गेले. मिस्त्री बसले नाहीत. "दोन कवेलू राहिले," असं पुटपुटत शिडी चढले आणि आम्हाला पाठमोरे होऊन बराच वेळ वर काहीतरी करत राहिले.

ते त्यांचं शेवटचं काम. सिमेंटच्या धुळीनं छाती आधीच पोखरली होती. पुढच्या हिवाळ्यात दम वाढला आणि ते गेले. त्यांच्या वस्तीतल्या बुद्धविहारात मृत्यूनंतरच्या पुण्यानुमोदनाच्या विधीला मी गेले. डॉक्टरीणबाई होत्या. साहेबही होते, मागच्या रांगेत, मांडी घालता येत नव्हती तरी खाली बसलेले.

मिस्त्रींची म्हातारी आई सतरंजीवर भिंतीला टेकून होती. मी तिच्यापुढे जाऊन उभी राहिले. तिनं बारीक डोळे करून माझ्याकडे पाहिलं.

"तू ते घर काढणारी मॅडम ना वं?"

मी मान हलवली.

"पोरगा सांगे माहा. म्हणे, मॅडम हट्टी आहे, पण आयकते."

मग तिनं लुगड्याचा घोळ आवरला, हळूच जराशी सरकली आणि सतरंजीवर शेजारच्या रिकाम्या जागेवरून हात फिरवला.

"बस," ती म्हणाली.