करंगळीच्या बाजूचं हाड

आमच्या मानवशास्त्र विभागाच्या भिंतीवर नऊ पुरस्कार लटकलेत, आणि त्यातल्या सातांना डिंकाचा वास येतो असं मी उघड म्हणते. मी इथली टायपिस्ट. तेवीस वर्षं विद्वानांच्या वेलांट्या सुधारत बसले आहे, तेव्हा एवढं बोलायचा हक्क मला आहे.

डिंक होता प्रयोगशाळेतल्या मामांचा. हुद्दा शिपायाचा, पण हाडं जोडण्यात त्यांचा हात धरणारं कुणी नव्हतं. उत्खननातून पेटीभर तुकडे यायचे. मामा ते धुवायचे, जुळवायचे, फटीत प्लास्टर भरायचे आणि कड नीट बसेना की बारीक कानस फिरवायचे. अर्ध्या दिवसात टेबलावर अख्खी कवटी तयार. विद्यार्थी त्यांना डिंकमामा म्हणत. "डोकं फिरलं तर माझ्याकडे या, बसवून देईन," हे ते दरवर्षी नव्या मुलांना सांगत आणि स्वतःच खो खो हसत. मोडकं काही त्यांना बघवत नसे.

त्यांचं हसणं बंद झालं ते खाणीतला खड्डा उघडला त्या दिवशी. बंद पडलेल्या दगडखाणीत रस्त्यासाठी खोदताना बावीस माणसांची हाडं निघाली. एकोणीस वर्षांपूर्वी तिथल्या कामगारांनी काम बंद केलं होतं आणि एका रात्रीत त्यातले बावीस जण नाहीसे झाले होते. "पळाले, आळशी कुठले," असं मालक तेव्हा म्हणाला, आणि गावाने मान डोलावली. खड्डा सापडल्यावर त्याच्या वकिलाने नवी कथा काढली. दरड कोसळली असेल. माणसं कशी मेली ते सांगा, म्हणून पोलिसांनी पेट्या आमच्याकडे पाठवल्या.

त्या पळालेल्यांत मामांचा मेहुणा होता. त्यांच्या बहिणीचा, ताईंचा नवरा. ताईंच्या पदरात तेव्हा दोन लहान मुली, आणि मामा त्यांना एकोणीस वर्षं सांगत आले होते, "विसर त्याला. कुठेतरी दुसरं घर थाटून मजेत असेल." अकरा नंबरची पेटी उघडली आणि मामांनी त्यातला जबडा उजेडात धरला. वरचा पुढचा दात अर्धा तुटलेला होता. तो त्यांनीच तोडला होता. भाऊजींनी ताईंवर हात उगारला म्हणून तरुण मामांनी भर अंगणात त्यांच्या तोंडावर ठोसा मारला होता.

आमचे विभागप्रमुख सर आठ दिवस परिषदेला गेले होते. त्या आठ दिवसांत मामांनी काय करावं? रात्रीचा दिवस करून बावीसच्या बावीस कवट्या जोडल्या. कवट्यांना सुपारीएवढी चौकोनी भोकं होती, ती प्लास्टरने बुजवली. कडांना कानस लावली. "ताईला असं फुटकं डोकं कसं दाखवू, बाई?" ते मला म्हणाले. आणि मी, अहवाल टाइप करून करून शहाणी झालेली, त्यांना थांबवलं नाही. त्याची लाज मला आजही वाटते.

सर आले, त्यांनी एक कवटी उचलून उजेडात फिरवली आणि मामांच्या कानाखाली वाजवली. "गधड्या, ते घणाचे घाव होते! जिवंतपणी फुटलेल्या हाडाची कड वेगळी दिसते. तीच तू घासून टाकलीस. आता कोर्टात काय दाखवू? तुझी कारागिरी?"

मामा गाल धरून म्हणाले, "हातांना कानस लावली नाही, साहेब. नुसते चिकटवलेत."

हातांची हाडं द्रावणात ठेवली, डिंक सुटला. बावीसपैकी चौदा जणांचं मनगट ते कोपर यांमधलं एकच हाड मोडलेलं होतं, करंगळीच्या बाजूचं, मधोमध. दरड पडली तर दोन्ही हाडं चिरडतात. हात डोक्यावर आडवा धरला की पहिला घाव या हाडावर बसतो. म्हणजे चौदा जणांनी घण येताना पाहिला होता. उरलेल्या आठांना मागून गाठलं होतं. मी चौदा अहवालांत तेच वाक्य चौदा वेळा टाइप केलं. त्यांत अकरा नंबरही होता.

बातमी कुणी फोडली कोण जाणे. माझा संशय लेखाविभागातल्या त्या गोडबोल्यावर आहे. तिसऱ्या दिवशी दुपारी तिघे जण पहारी घेऊन आत शिरले. माझं टेबल उलटवलं, मला केसांना धरून भिंतीवर आपटलं. मग ते प्रयोगशाळेत घुसले आणि टेबलावरच्या कवट्यांवर पहारी चालवू लागले. बावीस माणसं पुन्हा एकदा मारली गेली, माझ्या डोळ्यांदेखत. प्लास्टरचा धुरळा उडत होता आणि त्या तिघांतला एक जण हसत होता.

"हात कुठायत?" तो ओरडला.

मामा हातांच्या पेटीवर पालथे पडले होते. पहिली पहार पाठीत बसली. मग लाथ बरगडीत. त्यांनी मान वळवली, दुसरी पहार वरून येताना पाहिली आणि उजवा हात डोक्यावर धरला. मोडल्याचा आवाज मी ऐकला. तरी ते पेटीवरून हलले नाहीत. मी किंचाळत सुटले, विद्यार्थी खुर्च्या घेऊन धावत आले, तेव्हा कुठे ते तिघे पळाले.

दवाखान्यात डॉक्टरांनी क्ष-किरणाची प्लेट उजेडासमोर धरली. करंगळीच्या बाजूचं हाड, मधोमध मोडलेलं. "ही प्लेट मला द्या," मी म्हणाले. डॉक्टर नाही म्हणाले, तेव्हा मी त्यांच्याशी चक्क भांडले.

कोर्टात मालकाच्या वकिलाने सरांचा भुगा केला. कवट्या शिपायाने घासल्या, मग हात कशावरून खरे? सरांनी अकरा नंबरचं हाड आणि मामांची प्लेट शेजारी शेजारी ठेवली. मामा साक्षीच्या पिंजऱ्यात हात गळ्यात बांधून उभे होते. "कवट्या मी घासल्या," ते म्हणाले. "माझी अक्कल गहाण पडली होती. पण हा हात मी घासलेला नाही. हा यांच्या माणसांनी मोडलाय." न्यायाधीशांनी दोन्ही वस्तू बराच वेळ पाहिल्या. मालकाला आणि त्याच्या दोन मुकादमांना जन्मठेप झाली. सरांच्या शोधनिबंधाला दहावा पुरस्कार मिळाला. मामांचं नाव तळटीपेत होतं. मी ते वर, सरांच्या शेजारी टाइप केलं होतं, पण ते खोडलं गेलं.

मग हाडं घरच्यांना द्यायची वेळ आली. ताई आल्या. मामांनी अकरा नंबरचे तुकडे कापडावर मांडले होते, शेजारी डिंकाची बाटली उघडी. वाकड्या जुळलेल्या हाताने ते कवटीचा एक तुकडा चाचपत होते.

"आठ दिवस दे, ताई. माणसात आणतो त्यांना."

ताईंनी प्लास्टर निघालेल्या भोकाच्या कडेवरून बोट फिरवलं. "हे काय?"

"घण. तेव्हाचा."

"आणि हे?"

"पहार. नंतरची."

त्यांनी हाताचं मोडकं हाड उचलून छातीशी धरलं. "मला मेलीला कळलं कसं नाही? रोज रात्री दार लावताना मी शिव्या घालायचे त्याला. पोरींना शिकवल्या त्या शिव्या."

"मी शिकवल्या, ताई. तुझी चूक नाही," मामा म्हणाले आणि हुंदका आवरता न येऊन तिथेच रडले.

ताईंनी डिंकाची बाटली उचलून बाजूला ठेवली. "जोडू नकोस. आहे तसाच असू दे."

मग त्यांनी दाराबाहेर उभ्या असलेल्या दोन्ही मुलींना आत हाक मारली.