रसद तोडण्याची रंगीत तालीम

आमच्या घरातली गॅसटंचाई बाबांनी स्वतःच्या हातांनी घडवून आणली.

त्या दिवसांत बातम्यांमध्ये गॅस कमी पडणार, अशी चर्चा होती. गाझियाबादच्या आमच्या सोसायटीत ती लोकांनी चहाबरोबर ऐकली आणि चहाबरोबरच सोडून दिली. बाबांनी सोडली नाही. ते केंद्र सरकारच्या एका खात्यात नोकरीला आहेत आणि ऑफिसातल्या आगीच्या मॉक ड्रिलची जबाबदारी त्यांच्याकडे असते. त्यासाठी त्यांना एक शिट्टी मिळालेली आहे. शिट्टी मिळालेल्या माणसाला शांत बसवत नाही.

शनिवारी सकाळी त्यांनी शिट्टी फुंकून जाहीर केलं, "आज घरात गॅसचं ड्रिल. पाइपलाइनचा मेन कॉक बंद. संध्याकाळपर्यंत पर्यायी व्यवस्थेवर राहायचं."

आई परातीत तिळगुळाचं सारण मळत होती. तिने मान वर केली नाही. "आजच?"

"संकट विचारून येत नाही."

"हे तर सांगून आलंय. शिट्टी वाजवून."

आईच्या त्या 'आजच?'ला कारण होतं. संक्रांतीच्या सुमारास इथली मराठी मंडळी बस करून पानिपतला, काला अंबच्या स्मारकाला जातात. गेल्या वर्षी बसमध्ये नाश्त्याला ब्रेड पकोडे आले. मागच्या सीटवरचे एक आजोबा पकोड्याकडे बघत म्हणाले, "एवढ्या लांब आलो, गूळपोळी नाही." आणि आईने (जिला कोणी विचारलंही नव्हतं) उभं राहून सगळ्या बसला शब्द दिला, पुढच्या वर्षी गूळपोळ्या माझ्याकडून. ते पुढचं वर्ष म्हणजे दुसऱ्या दिवशीची सकाळ होती.

"पानिपतावर आपण तलवारीत कमी पडलो नाही," बाबा कॉकला पाना लावत म्हणाले. "रसद तुटली म्हणून हरलो."

"मग तुम्ही का तोडताय?"

"तोडून बघितल्याशिवाय तयारी कळत नाही."

पर्याय क्रमांक एक होता नवाकोरा इंडक्शन. आईचा गूळपोळीचा तवा लोखंडी आणि खोलगट. इंडक्शनने त्याला ओळख दिली नाही. नुसता टुक टुक करत राहिला. मग बाबांनी सपाट बुडाचं स्टीलचं पातेलं आणलं. पहिली पोळी तळाला अशी चिकटली, की ती पातेल्याचाच भाग वाटायला लागली. तेवढ्यात गीझर, हीटर आणि इंडक्शन यांची एकदम भेट झाली आणि घरातली लाइट गेली. बाहेर दाट धुकं. आम्ही तिघं दुपारी स्वयंपाकघरात मोबाइलच्या टॉर्चमध्ये उभे होतो.

"छान," बाबा म्हणाले. "त्रुटी आत्ताच कळली. बिल्कुल हेच हवं होतं."

पर्याय क्रमांक दोन, बाल्कनीत कोळशाची शेगडी. कोळसा दमट निघाला. धूर मात्र उत्तम झाला. तो सरळ वर गेला, जिथे वरच्या मजल्यावरच्या खुराना आंटींनी धुकं विरताच रजया वाळत घातल्या होत्या. मग इंटरकॉम वाजला. तो मी उचलला, कारण बाबा वारा घालत होते आणि आई बोलत नव्हती.

"मॅडम, आपके यहाँ आग लगी है क्या?" गेटवरचा गार्ड.

"नहीं भैया, आग लग नहीं रही. वही तो प्रॉब्लम है."

"धुआँ बंद कीजिए. पोल्युशन में कोयला मना है."

बाबांनी शिट्टी फुंकली. "ड्रिल समाप्त. पूर्वस्थिती." आणि कॉक उघडायला पाना लावला. कॉक जागचा हलला नाही. बाबांनी जोर लावला. दांडी निघून त्यांच्या हातात आली.

हेल्पलाइनवरची मुलगी फार गोड बोलली. गॅस बंदच आहे, गळत नाही, म्हणजे धोका नाही. माणूस सोमवारी येईल.

ओट्यावर ओल्या फडक्याखाली कणीक होती, शेजारी सारणाचे गोळे. आई त्यांच्याकडे बघत होती. मला वाटलं, आता ती रडेल किंवा बाबांना पाना फेकून मारेल. मी पाना उचलून लपवला.

आईने स्वेटरच्या बाह्या वर केल्या, पोळपाट काखेत मारला, परात उचलली आणि मला म्हणाली, "चल. बेल तू वाजव."

"मी?"

"माझे हात भरलेत."

इथे सांगायला हवं, की या सोसायटीत राहायला आल्यापासून मी एकही बेल वाजवलेली नव्हती. घराबाहेर पडण्याआधी मी दाराच्या भोकातून बघते आणि कॉरिडॉर रिकामा असेल तरच निघते. आणि आई मला घेऊन गेली थेट वर, जिच्या रजयांना आमचा वास लागला होता तिच्याकडे. जिन्यात मी वाक्य इंग्रजीत तयार केलं, मनात त्याचं हिंदी केलं. दार उघडल्यावर दोन्ही पळाली.

"आंटी, वो... हमारी गॅस..."

"लीक हो गई?"

"नहीं. पापा प्रॅक्टिस कर रहे थे."

"किस चीज़ की?"

"गॅस ना होने की."

खुराना आंटींनी माझ्याकडे बघितलं, परातीकडे बघितलं आणि दाराची चौकट धरून हसायला लागल्या. मग कॉरिडॉरमध्ये तोंड काढून त्यांनी सगळ्या मजल्याला बातमी दिली. दारं उघडली. थोड्याच वेळात तीन घरांतल्या शेगड्या आईच्या ताब्यात होत्या.

मी आईला अशी कधी पाहिली नव्हती. ती एका ओट्यावर लाटत होती आणि तिन्ही स्वयंपाकघरांतल्या पोळ्या तिला वासावरून कळत होत्या. "सामनेवाली भाभी को बोल, आँच मंद रखो. नहीं तो गुड़ बाहर आएगा." खरोखर तिथे गूळ बाहेर येत असायचा. निरोप घेऊन मी धावायचे, बेल वाजवायचे, बोलायचे, परत धावायचे. लाजायला वेळच मिळाला नाही. बाबा प्रत्येक पोळीनंतर तव्यावरचा जळका गूळ ओल्या फडक्याने पुसत होते. शिट्टी आईने काढून घेतली होती.

अंधार पडायच्या आत डबे भरले. खुराना आंटींनी मोडक्या पोळ्या तुपासकट ठेवून घेतल्या आणि रजयांचा विषय कायमचा मिटला.

दुसऱ्या दिवशी बसमध्ये मागच्या सीटवरच्या आजोबांनी पहिला घास घेतला, डोळे मिटले आणि दुसऱ्या पोळीसाठी हात पुढे केला. आई खिडकीबाहेर बघत राहिली, पण तिचे कान मागेच होते.

काला अंबला स्मारकासमोर उभं राहून बाबा चारचौघांना म्हणाले, "आमच्या घरी कालच ड्रिल केलं. शंभर टक्के यशस्वी. रसद पोहोचली."

आईने त्यांच्या हातात पोळी ठेवली. पातेल्याला चिकटलेली, ती पहिली. बाबांनी ती मुकाट्याने पूर्ण खाल्ली.

माझं म्हणाल, तर आता सगळी सोसायटी मला ओळखते. लिफ्टचं दार उघडलं की आतून कोणीतरी विचारतंच, "बेटा, आज किस चीज़ की प्रॅक्टिस है?" म्हणून मी हल्ली जिन्याने जाते. आठव्या मजल्यापर्यंत.

बाबा खूश आहेत. लिफ्ट बंद पडली, तर घरात निदान एकाची तयारी आहे.