आम्ही कॉम्प्युटर बसवला तेव्हा

जुन्या कारखान्यातले आम्ही चारजण एकत्र आलो, की दहा मिनिटांत कोणीतरी कॉम्प्युटर बसवल्याची गोष्ट काढतंच. ते मशीन केव्हाच भंगारात गेलं, किस्से मात्र वाढतच चाललेत. काही तर मी स्वतः हजर असूनही मला नव्यानेच कळतात!

ऐंशीच्या दशकातली गोष्ट. मी भिसेगावची, साजगावच्या एका कारखान्यात टायपिस्ट. टायपिंग चांगलं म्हणून मॅनेजरसाहेबांनी मला महिनाभर मुंबईला कॉम्प्युटर शिकायला पाठवलं. स्टोअर्समधला सगळा साठा त्यावर चढवायचा होता. अट एकच: हेड ऑफिसचे साहेब तपासणीला येतील तेव्हा काम बिनचूक चाललेलं दिसलं पाहिजे. नाहीतर मशीन मुंबईला परत, आणि मी टाइपरायटरवर परत. मला काही परत जायचं नव्हतं. आमच्या घरात असलं काही शिकलेली मी पहिलीच, आणि आई सगळ्या आळीला सांगून बसली होती.

* * *

मेंटेनन्सचे फोरमन दळवीमामा. मशीन कुठलंही असो, आधी फाउंडेशन आणि मग मशीन, हा त्यांचा शिरस्ता. मी मुंबईत असताना त्यांचं पत्र आलं, की कॉम्प्युटरचं वजन किती आणि तो मिनिटाला फेरे किती घेतो. मला वाटलं, चेष्टा करतायत. मी उत्तरच दिलं नाही.

परत येऊन बघते तर कॉम्प्युटरसाठी ठरलेल्या खोलीच्या मधोमध गुडघाभर उंच काँक्रीटचा ओटा, चार कोपऱ्यांना चार बोल्ट!

"फेरे नाय कळवलेस, म्हणून जरा जाडच घातलाय," मामा म्हणाले.

तो ओटा फोडून फुटेना. शेवटी त्याच्यावरच टेबल-खुर्ची चढवली आणि मी कीर्तनाला उभी राहिल्यासारखी उंचावरून काम करायला लागले.

* * *

खोलीला एसी लावला होता. अख्ख्या कारखान्यात दुसरा एसी फक्त साहेबांच्या केबिनमध्ये. धूळ नको म्हणून चपला बाहेर काढायचा नियम.

एप्रिलमध्ये एका दुपारी साहेबांना दारात चपलांचे तीस-चाळीस जोड दिसले. युनियनची गुप्त मीटिंग समजून ते तावातावाने आत शिरले. आत सगळी शिफ्ट भिंतीला टेकून गपगार बसलेली, दोघं तर चक्क घोरत होते.

साहेब तसेच मागे वळले. बाहेर गेले, बूट काढले आणि परत आत येऊन बसले.

* * *

प्रोग्राम सहा फ्लॉपींवर आला होता. एकामागून एक घालत जायच्या, मध्ये लाइट गेली तर पुन्हा पहिलीपासून. आणि आमच्याकडे कच्चा माल घोटणारा मोठा मिक्सर सुरू झाला, की व्होल्टेज पडून पडदा काळा व्हायचा. तीनदा असं झालं. चौथ्यांदा मला रडूच फुटलं.

मामांनी ते पाहिलं, तडक गेले आणि मिक्सर बंद करून माझ्या खोलीच्या दाराशी स्टूल टाकून बसले. उत्पादन का थांबलं म्हणून साहेब धावत आले.

"पाचवी चकती चाललीय, कोणी हलू नका," मामांनी त्यांनाच दटावलं.

सहावी फ्लॉपी लागली. त्या दिवशीच्या लॉगबुकात मामांची नोंद आहे: 'कॉम्प्युटर चालू केला. आवाज नॉर्मल. तेलगळती नाही.'

* * *

स्टोअरकीपर ठोंबरेकाकांचा मात्र कॉम्प्युटरवर राग. सव्वीस वर्षं त्यांनी साठा कार्डांवर सांभाळला, एक स्क्रूही कधी कमी-जास्त झाला नाही. साहेबांनासुद्धा चिठ्ठीशिवाय नट मिळायचा नाही.

मुंबईच्या प्रोग्रामरने बजावलं होतं, की खऱ्या साठ्याशेजारी सरावाचा एक खोटा साठा करायचा आणि प्रोग्राममधले बदल आधी तिथे करून बघायचे. खोट्या साठ्यात मी मनाला येईल ते भरलं. त्यातल्या संपत आलेल्या मालाची छापलेली यादी चुकून खरेदी विभागात गेली. तिसऱ्या दिवशी खोपोलीहून टेंपोने पाच किलो जिलेबी आली!

काकांनी ती गेटवर वजन करून घेतली, 'माल सुस्थितीत' अशी पावती केली आणि रॅकवर चढवली. सगळे जमले, पण काका हलेनात. शेवटी साहेबांनीच चिठ्ठी लिहिली. मालाचा वापर: तातडीची दुरुस्ती.

* * *

आणि मग तपासणीचा दिवस आला. मुंबईचे साहेब माझ्याशेजारी ओट्यावर उभे राहिले आणि त्यांनी एका बेअरिंगचा नंबर सांगितला. मी बटणं दाबली. पडद्यावर आलं, अकरा.

"खरंच तेवढी आहेत का? आणा इथे," साहेब म्हणाले.

ठोंबरेकाका गेले. त्यांना यायला जरा उशीरच लागला. त्यांनी ट्रे आणून टेबलावर ठेवला आणि एकेक बेअरिंग उचलून साहेबांसमोर मोजलं. बरोबर अकरा. साहेबांनी तिथल्या तिथे सही केली. मशीन राहिलं, मीही राहिले.

पाहुण्यांची गाडी फाटकाबाहेर पडल्यावर काका पुन्हा माझ्या खोलीत आले. सदऱ्याच्या खिशातून त्यांनी एक बेअरिंग काढलं, रुमालाने पुसलं आणि कीबोर्डशेजारी ठेवलं.

"एक चढवायचं राहिलंय तुझं," ते म्हणाले. "उद्या चढव गं."